मानपाड्याचा हिवाळा सांताक्रूझला मोजू नका

२५ आणि २६ फेब्रुवारी २०२५ या दोन दिवसांसाठी हवामान विभागाने मुंबई, ठाणे, रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांना उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेत पारा ३८ अंशांच्या पुढे गेला. दहावीची परीक्षा २१ तारखेलाच सुरू झाली होती. २६ तारखेला महाशिवरात्र, म्हणजे डोंबिवलीच्या मानपाडेश्वरापासून शीळ रस्त्यावरच्या खिडकाळेश्वरापर्यंत आणि अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरापर्यंत भर उन्हात दर्शनाच्या रांगा. हवामान विभागाच्या दप्तरी मात्र हा ऋतू होता हिवाळा. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा आणि मार्च ते मे उन्हाळा, अशी तिथली वाटणी आहे.

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक घोडबंदर रस्त्यावर येऊरच्या पायथ्याशी, ठाणे महापालिकेत. दुसरा डोंबिवली पूर्वेला, जिथे मानपाडा रस्ता कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो तिथे, कल्याण-डोंबिवली महापालिकेत. दोन्हीकडे हिवाळ्यात ऊन भाजून काढू लागले आहे आणि दोन्हीकडे सरकारी उन्हाळा अजून मार्चचीच वाट पाहतो. मागणी साधी आहे. उष्णतेसाठीची व्यवस्था महिना बघून सुरू न करता पारा बघून सुरू करा, आणि तो पारा इथला असू द्या. कारणे आणि तपशील असे.

१. ही एका वर्षाची लहर नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश होते. १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्याचा तो उच्चांक. त्याच महिन्यात कोकण आणि कच्छला उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला होता. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दिवस-रात्र धरून देशाची सरासरी २२.०४ अंशांवर गेली, सर्वसाधारण २०.७० असताना. तोही १९०१ पासूनचा उच्चांक. मधल्या डिसेंबरात, ४ डिसेंबर २०२४ रोजी, सांताक्रूझला ३७.३ अंश नोंदले गेले. म्हणजे हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना आग लागली. आणि २०२४ हे वर्षच देशात १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण ठरले.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपण म्हणतो. २०२५ ची होळी १३ मार्चला होती. थंडीने तेवढीही वाट पाहिली नाही.

२. ‘पूर्वीही असं व्हायचंच की’ हा कट्ट्यावरचा युक्तिवाद खोटा नाही, आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. सांताक्रूझचा फेब्रुवारीतला विक्रम आजही २५ फेब्रुवारी १९६६ चा आहे: ३९.६ अंश. उलट बाजूने, जानेवारी १९६२ मध्ये तिथे पारा ७.४ पर्यंत उतरला होता आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ८.८ पर्यंत. यापुढेही एखादी रात्र अशी येईल की कपाटातले स्वेटर बाहेर निघतील आणि ‘कुठे आहे तुमची हवामानबदलाची गोष्ट’ असे कोणीतरी विचारेल. एकटा दिवस साक्षीदार म्हणून कच्चाच असतो. पाहायची ती महिन्याची सरासरी, आणि ती वर सरकते आहे. जो पूर्वेचा वारा १९६६ साली आला तोच आजही येतो. पण आज तो आधीच तापलेल्या पायरीवरून वर चढतो.

दुसरे असे की १९६६ मध्ये ठाणे महापालिका नव्हती (ती १९८२ ची) आणि कल्याण-डोंबिवलीही नव्हती (१९८३). घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा आजच्यासारखे टॉवर नव्हते, मानपाडा रस्त्याच्या कडेला शेत होते. तेव्हाचे ऊन भातखाचरावर पडत होते. आताचे काँक्रीट, काच आणि पत्र्यावर पडते, आणि त्या पत्र्याखाली माणूस असतो.

३. हिवाळ्यातली ही उष्णता येते कशी, हे नीट समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच मागण्या आपोआप पटतात. किनारपट्टीला दुपारी वाचवतो तो समुद्राकडून येणारा वारा. जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन उचलली जाते, तिची जागा घ्यायला अरबी समुद्रावरची गार, दमट हवा आत शिरते. हा वारा दुपारच्या आत आला तर पारा तिथेच थोपतो. पण फेब्रुवारीत अनेकदा पूर्वेकडून, म्हणजे दख्खनच्या पठारावरून, कोरडा वारा जोर धरतो. सह्याद्री उतरताना ही हवा दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. कोरडी हवा ६०० मीटर खाली आली तर जवळपास सहा अंशांनी. असा वारा समुद्राच्या वाऱ्याला दुपारी उशिरापर्यंत दारातच अडवून धरतो. तेवढ्या दोन-तीन तासांत काम तमाम होते.

आता नकाशावर मानपाडे पाहा. ठाण्याच्या मानपाड्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर उभा आहे. समुद्राचा वारा बोरिवली ओलांडून, डोंगराला वळसा घालून किंवा खाडीच्या बाजूने येतो, तोवर त्याची धार गेलेली असते. डोंबिवलीचा मानपाडा तर आणखी आत. मध्ये पारसिकचा डोंगर. सांताक्रूझला वारा फिरला आणि पारा उतरू लागला तरी इथे ऊन आपल्या जागी असते. उन्हात उभे राहिलेल्या कोणत्याही वाहतूक पोलिसाला हे विचारा, तो तुम्हाला आलेखाशिवाय सांगेल.

याच भौगोलिक कारणाने आपल्या रात्री मुंबईपेक्षा अधिक गार होत असत. पहाटे गोधडी आणि दुपारी घाम, हा इथला जुना फेब्रुवारी. ती पहाटेची सूटही आता इमारतींच्या गर्दीत आकसते आहे: दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता काँक्रीट रात्रभर सोडत राहते.

४. तरीही इशारा ठरतो तो बहुतेक कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांच्या आकड्यांभोवती. बातमीत ‘मुंबईचा पारा’ येतो. कल्याण-डोंबिवलीचा आकडा हौशी हवामान निरीक्षकांनी आपल्या गच्चीवर लावलेल्या यंत्रांवरून कळतो. त्या मंडळींचे काम मोलाचे आहे, पण दहा लाखांच्या वर वस्तीच्या शहराने आपला ताप मोजायला शेजाऱ्याच्या हौसेवर अवलंबून राहावे, हे शोभत नाही.

निकषाचाही घोळ आहे. किनाऱ्यावरच्या केंद्रात कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट; सपाट प्रदेशात मात्र किमान ४० अंश लागतात. डोंबिवली ना थेट किनाऱ्यावर ना आतल्या सपाट प्रदेशात. शिवाय लाट जाहीर करायला एकाच हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तशी नोंद व्हावी लागते. आपला उपविभाग कोकण आणि गोवा. म्हणजे मानपाड्यात नाक्यावर उभा असलेला मजूर लाटेत आहे की नाही, हे दूरच्या वेधशाळेवरून ठरणार.

म्हणून पहिली ठोस मागणी: दोन्ही मानपाड्यांत, एकेका पालिका शाळेच्या आवारात, हवामान विभागाच्या मानकांनुसार स्वयंचलित केंद्र बसवावे. डांबरापासून दूर, मोकळ्या जमिनीवर, तपासलेल्या उपकरणांसह. कमाल आणि किमान, दोन्ही तापमाने आणि आर्द्रता रोज प्रभाग कार्यालयाच्या फलकावर खडूने लिहावी. त्यासाठी ॲपची गरज नाही. ॲप आले की त्याचे उद्घाटन येते आणि उद्घाटनाला तारीख मिळेपर्यंत पावसाळा लागतो.

५. ‘३७-३८ अंशांत काय होतं, विदर्भात ४५ असतं’ असे म्हणणाऱ्यांसाठी. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण उतरतो. मे महिन्यात ३८ अंश सोसणारे शरीर फेब्रुवारीत तयारच नसते. पहाटे ते गारठ्यात असते आणि दुपारी भट्टीत. त्यातून पूर्वेचा वारा कोरडा. घाम येतो तसा वाळतो, अंग चिकट होत नाही, तहान उशिरा लागते, आणि माणूस ‘आज तितकं उकडत नाही’ असे म्हणत सुकत जातो.

आकडा चाळिशीच्या आत असताना काय होऊ शकते, हे जिल्ह्याच्या सीमेपलीकडे खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी दिसले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेल्या माणसांपैकी १४ जण दगावले. जवळपासची नोंद ३८ अंशांच्या आसपासची होती. तो एप्रिल होता हे खरे. पण ३८ हा आकडा आता एप्रिलची मक्तेदारी राहिलेला नाही.

६. भाजते कोणाला? वातानुकूलित लोकलने जाऊन वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला फेब्रुवारीचे ऊन म्हणजे संध्याकाळच्या गप्पांचा विषय. ठाण्याच्या मानपाड्यात घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ चे काम वर्षानुवर्षे चालले आहे, टिकुजिनीवाडीच्या बाजूला ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे, आणि या दोन्हींभोवती टॉवरांचे. डोंबिवलीच्या मानपाड्यालगत एमआयडीसी. सळई बांधणारा, शटरिंगचा पत्रा उचलणारा, बॉयलरशेजारी उभा राहणारा, घंटागाडीवर लटकणारा, पार्सल घेऊन चौथ्या मजल्यावर चढणारा, सोसायटीच्या फाटकावर पत्र्याच्या खोक्यात बारा तास बसणारा: यांच्यासाठी ऋतू पंचांगावर अवलंबून नसतो. आणि यांच्यातले बरेच जण रात्री परततात ते पुन्हा पत्र्याखालीच.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याने ‘उष्ण हवामानात’ पिण्यासाठी गार पाणी द्यावे अशी तरतूद होती. ते उष्ण हवामान कधी सुरू होते? व्यवहारात उन्हाळा लागला की. नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नियम नव्याने लिहिले जात असताना अशा तरतुदींपुढे महिन्याऐवजी अंश लिहिण्याची संधी राज्याच्या कामगार विभागाकडे आहे.

तोवर महापालिका आणि एमएमआरडीए आपल्या कंत्राटांत हे आजही घालू शकतात: स्थानिक केंद्रावर ३६ अंशांचा अंदाज असेल त्या दिवशी दुपारी १२ ते ३ उघड्यावरचे जड काम बंद, मजुरी न कापता, सावलीचा मांडव, पाण्यासोबत मीठ-साखर, आणि चक्कर आलेल्याला कोणत्या दवाखान्यात न्यायचे ते मराठी-हिंदीत लिहिलेली पाटी. ‘मजुरी न कापता’ हे शब्द गाळले तर बाकीचे सगळे कागदावरच राहील, कारण मजूर स्वतःच सुट्टी नाकारेल. सोसायट्यांनाही सांगणे आहे: वॉचमनच्या खोक्याला छप्पर बदलून द्यायला आमसभेचा ठराव लागत नाही.

७. झाडांबद्दल सगळे बोलतात म्हणून इथे थोडक्यात. मेट्रोसाठी आणि घोडबंदरचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्यासाठी जी झाडे गेली ती रस्त्याच्या कडेची, म्हणजे पायी चालणाऱ्याच्या डोक्यावरची होती. त्यांच्या बदल्यात दूर कुठेतरी लावलेली रोपे जगली तरी मानपाडा चौकात बसची वाट पाहणाऱ्या बाईला त्यांची सावली मिळत नाही. भरपाईची झाडे त्याच रस्त्यावर, तोडलेल्या जागेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात, एवढी एक अट पुरे.

८. छपरे. अहमदाबादेत आणि तेलंगणात पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या छपरांवर काम झाले आहे. तेलंगणाने तर २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच केले. आपल्याकडे पालिकेच्या शाळा, आरोग्य केंद्रे आणि अंगणवाड्यांपासून सुरुवात करता येईल. रंग द्यायचा तो जानेवारीत, कोरड्या हवेत. एप्रिलमध्ये निविदा निघाली तर रंग जूनमध्ये धुऊन जाईल.

९. ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये ‘कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर’ या संस्थेच्या साहाय्याने उष्णता कृती आराखडा तयार केला, हे मान्य करायलाच हवे. अहमदाबादने तो रस्ता २०१३ मध्ये दाखवला. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते, त्यातून आलेले ते शहाणपण. पण देशातल्या अशा आराखड्यांची घडणच मार्च ते जून अशी असते, आणि फेब्रुवारी त्यांच्या उंबरठ्याबाहेर उभा राहतो. याच संस्थेच्या २०२५ च्या अभ्यासात २०१२ ते २०२२ या दशकात मुंबईत दर उन्हाळ्यात अतिउष्ण रात्री १५ ने वाढल्याचे दिसले. तिथेही मोजलेले महिने मार्च ते जून. हिवाळ्यातल्या उबदार रात्री कोणाच्याच हिशेबात नाहीत.

सर्वांत मासलेवाईक उदाहरण शाळांचे. राज्यातल्या शाळा सकाळच्या सत्रात भरवा, असा आदेश २०२५ मध्ये निघाला तो २८ मार्चला. लाट येऊन गेली होती फेब्रुवारीत. (त्याआधी वर्षभर शालेय शिक्षण खात्यानेच कोवळ्या पोरांची झोप मोडू नये म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतरच भरवा असे सांगितले होते, पालकांनी नेमके कोणते घड्याळ लावायचे?) मुख्याध्यापकाला स्थानिक आकड्यावरून वेळ बदलायचा अधिकार दिला तर मंत्रालयाला पारा पाहत बसावे लागणार नाही.

१०. पैसा. केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाचे निकष पाहा. अधिसूचित आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ होते, पूर होता, गारपीट होती, टोळधाडीसारखे किडींचे हल्ले होते, दंव आणि थंडीची लाट होती. उष्णतेची लाट नव्हती. राज्यांना आपल्या निधीचा १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा होती, त्यातून वाट काढावी लागत होती. थंडीची लाट यादीत ठेवायला हरकत नाही, उत्तरेत ती माणसे मारते. पण मानपाड्यातल्या माणसाला आयुष्यात कोणती लाट भेटण्याची शक्यता जास्त आहे, हे दिल्लीला कोणीतरी सांगावे.

११. गर्दीचे दिवस आधीपासून माहीत असतात, हे उष्णतेच्या बाबतीत वरदान समजावे. माघी पौर्णिमेला मलंगगडची यात्रा, महाशिवरात्रीला अंबरनाथ, बारावी-दहावीच्या परीक्षा, आणि माघ-फाल्गुनात आगरी-कोळी घरांतल्या हळदी नि लग्ने, ज्यांचे मांडव दुपारपासूनच भरतात. यांपैकी एकही कार्यक्रम आयत्या वेळी ठरत नाही. मांडवाची परवानगी देताना ध्वनिक्षेपकाची वेळ विचारली जाते. त्याच अर्जात सावलीचे क्षेत्र, पिण्याच्या पाण्याची सोय आणि जवळच्या दवाखान्याचा क्रमांक हे तीन रकाने वाढवावेत. परीक्षा केंद्रांवर पंखे चालतात का, हे जानेवारीत तपासावे. मलंगगडाच्या पायऱ्यांवर पाणी लागणार आहे हे कळायला समितीची गरज नाही.

१२. हे सगळे कोणाला सांगायचे, हा प्रश्न काही वर्षे खरोखरच अवघड होता. कल्याण-डोंबिवलीच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर दोन्हीकडे प्रशासक. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि आता प्रभागात विचारायला नगरसेवक आहे. रस्ता एमएसआरडीसीचा, मेट्रो एमएमआरडीएची, कारखाने एमआयडीसीत, असे तो सांगेलच, आणि ते खोटे नसेल. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणात एक नाव, एक दूरध्वनी क्रमांक हवा, ज्याच्याकडे या सर्व यंत्रणांना त्या दिवशी काम थांबवण्याचा आदेश देण्याचा अधिकार असेल.

दोन्ही महापालिकांचे अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्येच मांडले जातात. नवे लेखाशीर्ष मागत नाही. पाणपोया, शीतकक्ष, ओआरएस आणि आशा सेविकांच्या घरभेटी यांसाठीच्या तरतुदीपुढे ‘१ मार्चपासून’ असे असेल तिथे ‘स्थानिक केंद्रावर ३६ अंशांचा अंदाज आल्यापासून’ असे लिहावे, आणि पुढच्या सभेत सूचना क्रमांक देऊन ते मंजूर करून घ्यावे.